मदत हवी आहे : वाडा एकच, ऋतू चार, दिवे मोजके

विंगेतला

मंडळी, प्रकाशयोजनेतल्या जाणकारांनी जरा वाट दाखवा.

सातारा जिल्ह्यातली आमची हौशी संस्था यंदा राज्य नाट्य स्पर्धेत नवं दोन अंकी नाटक उतरवतेय. नेपथ्य एकच : वाड्याचा चौक, मधोमध तुळशीवृंदावन, मागे ओटी. काळ मात्र वर्षभराचा. वैशाखातली दुपार, आषाढातली संध्याकाळ, मध्यंतरानंतर कोजागिरी आणि शेवटी पौषातली सकाळ. संवादांत ऋतूचा उल्लेख जवळपास नाही. दिग्दर्शक बाई हटून बसल्यात : प्रोजेक्टर नको, पावसाचा आवाज नको, जे कळायचं ते उजेडातून कळू दे.

सामान असं : हजार वॉटचे आठ पीसी स्पॉट (भिंगाचे दिवे), सहा पार (तीव्र झोताचे दिवे), सायक्लोरामाला, म्हणजे मागच्या आभाळाच्या पडद्याला, चार हॅलोजन, आणि दिवे कमीजास्त करायला बारा चॅनलचा डिमर. चार एलईडी पार भाड्याने आणता येतील. त्यापुढे बजेट नाही.

अडचण अशी की जिथे वाचावं तिथे उन्हाळा म्हणजे अंबर आणि हिवाळा म्हणजे निळा. चांदणं निळं, पाऊसही निळाच. तसं लावून पाहिलं तर शेवटचे तिन्ही प्रवेश एकसारखे दिसतात आणि वैशाखाच्या दुपारी सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी वाटते. जेलचे, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक तावांचे, नंबर सांगितलेत तर उपकार होतील.

माळ्यावरचा

नंबर सांगतो, पण आधी एक सांगा. वैशाखातली दुपार किती वाजताची?

विंगेतला

पानं वाढायची वेळ. साडेबारा धरा.

माळ्यावरचा

मग उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. साताऱ्याच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तोही नेमका साडेबाराच्या सुमारास. सूर्य बरोब्बर माथ्यावर. उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली. तोच सूर्य डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा जेमतेम ४९ अंशांवर असतो. आपल्याकडे ऋतू रंगात कमी आणि कोनात जास्त आहे. थंडीत आभाळ सहा महिने करडं असतं अशा देशांत निळा हिवाळा ठीक. आपली पौषातली सकाळ सोनेरी असते हो!

म्हणून पहिलं काम : वृंदावनाची सावली सांभाळा. तेच तुमचं घड्याळ आणि तेच पंचांग. वैशाखात ती कट्ट्याच्या बाहेर दिसता कामा नये. पौषात पूर्वेकडून पडून चौकभर लांबली पाहिजे, जमलं तर ओटीच्या पायरीवर चढली पाहिजे. त्यासाठी त्या बाजूने एकच तीव्र दिवा हवा. दोन लावलेत की दोन सावल्या, आणि मग प्रेक्षकाला सूर्य नाही, स्पॉट दिसतो. समोरचे दिवे चेहरा वाचता येईल एवढेच ठेवा, नाहीतर ते सावली खाऊन टाकतात.

वैशाखाला दोन पार थेट वरून, जेल ली कंपनीची २०२, फिकी निळी. हॅलोजन ३२०० केल्विनच्या आसपास असतो, म्हणजे मुळात पिवळा. २०२ ने तो पांढऱ्याकडे सरकतो. दुपारचं ऊन पांढरंच असतं, अंबर नाही. वरून उजेड पडला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, त्यावर उपाय म्हणजे समोर जमिनीलगत एक पीसी, बिनजेलचा, डिमरवर तीसेक टक्के. तापलेल्या फरशीवरून उजेड उसळतो ना, तो हा. आणि ओटी मुद्दाम अंधारी ठेवा. उन्हातून आत आलेला नट दोन पावलं दिसेनासा झाला तरी चालेल. उन्हाळा तिथे कळतो.

तिसरी घंटा

सावलीचं अगदी पटलं. पण आषाढात सावलीच नसते, त्याचं काय?

विंगेतला, तिथे उलटं करा. ढगाळ उजेडाला दिशा नसते. जितके पीसी सुटतील तितके सगळीकडून, पण कमी तेजावर, प्रत्येकावर ली २१६ डिफ्यूजन, म्हणजे उजेड पसरवणारा दुधी ताव. २१६ नाही मिळालं म्हणून बटर पेपर लावू नका, हजार वॉटपुढे तो जळतो. वृंदावन जमिनीला चिकटल्यासारखं सपाट दिसायला हवं. निळा अगदी थोडा, एखाददुसऱ्या दिव्यावर २०३ पुरे, ती २०२ हूनही फिकी.

मग प्रवेशात एकदाच, पश्चिमेच्या विंगेतून एक पार, ली १४७ (जर्दाळू रंगाची), खालून तिरपा. सायक्लोरामा त्या वेळी गडद ठेवा. काळ्या ढगाखालून मावळतीचं ऊन येतं ते दृश्य. मिनिटभर राहू दे आणि विझव. कोकण-घाटावरच्या माणसाला याहून वेगळा पाऊस दाखवायची गरज नाही.

ओल हवीच असेल तर परातीत पाणी, तळाला आरशाचे दोनचार तुकडे, आणि त्यावर विंगेतून एक स्पॉट. परातीला बोट लावलं की ओटीच्या आढ्यावर लाटा हलतात. केबल लांब ठेवा. एवढ्याशाने काय होणार असं वाटलं तर आठवा, प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी कोलकात्याच्या मिनर्व्हा नाट्यगृहात खाणीत पाणी चढताना दाखवलं होतं ते दिव्यांच्याच जोरावर.

विंगेतला

परातीची कल्पना बाईंना आवडली. आता कोजागिरी. गडद निळी १२० लावून पाहिली, चेहरे गेले.

माळ्यावरचा

१२० मधून उजेड येतोच किती! आणि डिमर खाली ओढलात की हॅलोजन तांबडा होतो, तो निळ्यातून मळकट दिसतो. चार दिवे अर्ध्यावर ठेवण्यापेक्षा दोन पूर्ण लावा.

गंमत बघा, कोजागिरीचा चंद्र मध्यरात्री जवळपास माथ्यावर येतो. म्हणजे तुमची वैशाखाची दुपार आणि ही रात्र यांचा कोन एकच. ते वापरा. दोन पार वरूनच, जरा मागे सरकवून, ली २०१ किंवा ११७. कडा आणि खांदे उजळतील, चेहरे अंधारात जातील. चेहऱ्यांना उजेड दूध आटवायच्या चुलीचा द्या : पातेल्याआड जमिनीवर एक छोटा दिवा, अंबरमध्ये. अंबर हवा तो इथे. ऊबदार उजेड शेजारी असला की फिका निळाही डोळ्याला गडद भासतो, १२० ची गरजच उरत नाही.

कोपऱ्यातली खुर्ची

एलईडी कुणीच धरले नाहीत. माझं मत : चारही सायक्लोरामाला लावा, रंग हवा तसा फिरवता येईल.

तिसरी घंटा

सायक्लोरामाला चालतील, चेहऱ्यावर नकोत. स्वस्त एलईडीत कातडी मेल्यासारखी दिसते. शिवाय मंद करताना तळाला ते टप्प्याटप्प्याने उतरतात, झटका दिसतो. पहाटेचा लांब क्यू (उजेडाचा बदल) असेल तर आधी तपासून घ्या. हॅलोजन मंदावताना आपसूक तांबूस होत जातो, तिन्हीसांजेला तो फुकटचा फायदा.

पौषाबद्दल राहिलं. पूर्वेचा पार १०३ (फिकी पिवळी), माणसाच्या उंचीच्या स्टँडवर. विरुद्ध बाजूने पीसी, २०१, अर्ध्याहून कमी. एका गालावर कोवळं ऊन, दुसऱ्यावर गारठा. एका बाजूने उष्ण, दुसऱ्या बाजूने शीत ही अमेरिकेत येल विद्यापीठात प्रकाशयोजना शिकवणाऱ्या मॅक्कँडलेसांनी १९३२ मध्ये मांडलेली रीत. ते दोन्ही बाजू ४५ अंशांवर सांगतात, तुम्ही पूर्वेची खूप खाली आणा. नटांना सांगा, उन्हाच्या पट्ट्यात येऊन उभे राहा. थंडीत माणूस ऊन शोधतो, वैशाखात टाळतो.

विंगेतला

हे बाईंना वाचून दाखवलं. हालचाली बदलायच्या म्हणाल्या! शेवटचं : आषाढाचा पश्चिमेचा पार पौषात रिकामा आहे. मध्यंतरात जेल बदलून वापरू का?

माळ्यावरचा

स्टँडवरचा असेल तर खुशाल बदला. हातमोजे घाला, दिव्याचा डबा तापलेला असतो. वरच्या बारवर टांगलेल्यांना मात्र मध्यंतरात हात लावू नका, एकदा हललेला अँगल शिडीशिवाय परत लागत नाही आणि तिसऱ्या घंटेला शिडी रंगमंचावर दिसली तर परीक्षकांना वेगळाच ऋतू दिसेल. निळ्या जेलचे जादा तुकडे आधीच कापून ठेवा, तासाभरात मधोमध पांढरे पडतात.