मदत हवी आहे: ४ सेंमी फटीतला जाम स्क्रू

खटपट्या: मोटरचं मागचं कव्हर काढायचंय. तीन स्क्रू निघाले, चौथा भिंतीकडे आहे. डोकं ते भिंत जेमतेम ४ सेंमी. एम५ (५ मिमी जाडीचा), फुलीचा, पीएच२ मापाचं बिट (स्क्रूड्रायव्हरचं सुटं टोक) बसतं. गंजलाय, खाच झिजायला लागलीय. मोटर हलवता येत नाही, आखूड स्क्रूड्रायव्हरही मावत नाही. स्वस्तातलं काही हत्यार?

आटेवाला: आधी वीज बंद करा. चपटं बिट-रॅचेट (बिट लावायचा, एकाच दिशेने पकडून फिरवणारा दांडा) आणि २५ मिमीचं पीएच२ बिट घ्या. ७२ दात्यांचं रॅचेट ५ अंशांवर पुढचा दाता पकडतं, त्यामुळे फटीत हात थोडाच हलला तरी चालतं. रॅचेट नसेल तर पाव इंची रिंग पाना बिटवर बसतो. ७ मिमीचा नको, ढिला होतो.

कोपरापाना: झेड आकाराचा स्क्रूड्रायव्हर त्याहून स्वस्त आहे की!

आटेवाला: आहे, पण जाम स्क्रूला नको. फुलीची खाच उतरती असते. पिळताना बिट आपोआप वर सरकतं आणि कडा खातं. जोर फिरवण्यापेक्षा दाबायला जास्त लागतो, आणि झेडच्या दांड्यावर नीट दाब देता येत नाही.

इथे ती भिंतच कामाला लावा. रॅचेटची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये लाकडी पाचर ठोका. रॅचेटला टेकणाऱ्या बाजूला पत्र्याचा तुकडा आणि ग्रीसचा ठिपका ठेवा, म्हणजे फिरताना अडणार नाही. भिंत पोकळ असेल तर मागे फळी द्या.

त्याआधी गंज सोडवणारं तेल डोक्याच्या कडेने सोडून रात्रभर ठेवा. खाच मात्र कोरडी पुसा, टोकदार काडीने तळाची घाणही काढा. बिट पूर्ण आत बसलं नाही तर बाकी सगळं फुकट. झिजलेल्या खाचेत चिमूटभर व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट घाला, पकड वाढते. आधी किंचित आवळा; गंज कडकन सुटला की मग उलटं फिरवा.

खटपट्या: आणि खाच पूर्णच गेली तर?

कोपरापाना: डोकं उंच असेल तर जबड्यात उभ्या खाचा असलेली स्क्रू पक्कड. साध्या पकडीच्या आडव्या खाचा गोल डोक्यावरून घसरतात. डोकं सपाट बसलेलं असेल तर पक्कड निरुपयोगी.

आटेवाला: निघाला की तिथे षटकोनी डोक्याचा एम५ लावा, ८ मिमीच्या पान्याने बाजूने खोलता येईल.