मामांचा खोकला: टीबी की क्रशरची धूळ? तातडीने मदत हवी आहे

मामांचा खोकला आठ महिने झाले जात नाही. टीबीचा 6 महिन्यांचा कोर्स झाला, फरक शून्य. आता परत त्याच गोळ्या म्हणतात. एक्सरेत दोन्हीकडे वरच्या भागात ठिपके आहेत. सारूळला क्रशरवर असतात, म्हणजे धूळ आलीच. सोमवारी नाशकात कुठं न्यायचं? लवकर सांगा.

द्राक्षवाला: वय? बिडी? थुंकीत जंतू निघाले होते का?

धागाकर्ता: 51. बिडी नाही, तंबाखू. थुंकी दोनदा निगेटिव्ह. न्यायचं कुठं ते सांगा ना!

खडीवाला: 14 वर्षं क्रशरवर आहे. सुटताना गुळाचा खडा खायचा, धूळ उतरते. मला काय झालं?

सिस्टर_सिडको: भाऊ, गूळ पोटात जातो, धूळ फुफ्फुसात. दोघांची गाठ पडणार कुठं? रुमालही उपयोगाचा नाही, खरी घातक धूळ डोळ्याला दिसतच नाही.

काळा_कातळ: पण आपल्याकडचा दगड बेसाल्ट. त्यात क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, जवळपास नसतंच. राजस्थानच्या वाळूच्या दगडाची गोष्ट वेगळी. नुसत्या इथल्या खडीनं सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार? पटत नाही. मामा आधी काय करायचे?

खडीवाला: बघा! म्हणजे क्रशर निर्दोष.

काळा_कातळ: असं कोण म्हणालं? दमा, खोकला होतोच की.

धागाकर्ता: आधी अंबडला फाउंड्रीत होते, 9 वर्षं. वाळूचा फवारा मारून कास्टिंग साफ करायचं काम. 2011 ला सोडलं. त्याचा काय संबंध?

सिस्टर_सिडको: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! ती वाळू म्हणजे सिलिकाच. काम सोडलं तरी आजार आत वाढत राहतो. एक्सरेत टीबीसारखाच दिसतो, आणि अशा माणसाला टीबीही लवकर धरतो, म्हणून सीबीनॅट (थुंकीतल्या टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) कराच. सिव्हिलला छातीच्या ओपीडीत न्या. जुने सगळे एक्सरे घ्या. कुठं, किती वर्षं, काय काम केलं ते कागदावर लिहून न्या. गोळ्या मनानं सुरू-बंद नकोत.

द्राक्षवाला: आमच्या घडांवर राखाडी थर बसतो, त्यावर धागा कोण काढणार?

काळा_कातळ: तुम्हीच काढा की. धागाकर्ते, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड होतं का? सिलिकोसिस कायद्याच्या यादीतला व्यावसायिक आजार आहे.

धागाकर्ता: कार्ड सापडत नाही. मामी म्हणते, तेव्हा डबा घासताना तळाला रोज वाळू निघायची. पगाराची एक जुनी पावती आहे, तिच्यावर ईएसआयचा नंबर दिसतोय. चालेल?

सिस्टर_सिडको: ईएसआयच्या ऑफिसात दाखवा. इथं फोटो टाकू नका.