फी माफ आहे ना, मग पोरं कॉलेज सोडतात का?

माळरान
कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय, ‘मागासवर्गीयांना फी माफ आहे, तरी पोरं मध्येच कॉलेज सोडतात, मग दोष कुणाचा?’ वाचून राहवलं नाही. ही माफी शिष्यवृत्तीतून होते; तिचा केंद्राचा ६० टक्के वाटा २०२१ पासून थेट एससी विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्याने तो कॉलेजात भरायचा असतो. तो रखडला की कॉलेज हॉल तिकीट अडवतं. राहायचं काय? वसतिगृह न मिळालेल्यांसाठीच्या सरकारी स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईत वर्षाला ६० हजार, त्यात भाड्याचे २० हजार, तेही उशिरा. खोलीचं डिपॉझिट जुलैत द्यावं लागतं.

सरळरेघ
बरेच जण आधार जोडलंय म्हणतात, ती नुसती केवायसी, म्हणजे बँकेची ओळख-पडताळणी असते. डीबीटीला, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, एनपीसीआय या देशाच्या पेमेंट यंत्रणेच्या नोंदीत आधारला एकच खातं चालतं. सिम घेताना उघडलेलं पेमेंट्स बँकेचं खातं तिथे चढलं असेल तर पैसे तिकडे जातात. आधारच्या साइटवर दोन मिनिटांत कळतं. ते न बघता सरकारला शिव्या कशाला?

माळरान
आणि खातं ‘स्मॉल अकाउंट’, म्हणजे अपुऱ्या कागदांवर उघडलेलं मर्यादित खातं असेल तर? ५० हजारांवर शिल्लक चालत नाही. पूर्ण केवायसी करून घ्या, हे बँकेत कोण सांगतं?

कोतवालबुक
तुम्ही दोघं बँकेतच अडकलात. खरी गाळणी व्हॅलिडिटीची, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीची. एससीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा. आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर शाळेच्या नोंदवहीतला प्रवेश-निर्गम उतारा कुठला? मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही शोधा. अक्षर मोडी, पानाला वाळवी, नोंद ‘धोंड्या’ आणि आजच्या कागदावर ‘धोंडीराम’. लगेच त्रुटी! पालावर जन्मलेल्याची तर कुठल्या गावात नोंद असणार?

सरळरेघ
म्हणून तपासणीच नको? बोगस दाखल्यावर गेलेली सीट खऱ्या मागासाचीच असते.

कोतवालबुक
नको कोण म्हणालं? माझ्या तोंडी शब्द घालू नका. वडिलांची किंवा सख्ख्या काकांची व्हॅलिडिटी असली की काम सोपं होतं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात निघालेल्याकडे नेमकी तीच नसते. पडताळणीचा प्रस्ताव अकरावीतच टाकायचा असतो, कॅप राउंडला, म्हणजे प्रवेशफेरीच्या वेळी धावून उपयोग नाही. हे आपणहून सांगणारी ज्युनियर कॉलेजं किती?

सरळरेघ
बरं, अकरावीचं मान्य. प्रस्ताव कॉलेजनेच गोळा करावेत. पण फॉर्म चुकवणाऱ्याचं खापर सरकारवर फोडणं मला पटत नाही.

माळरान
आणि बिनचूक भरलेला शिष्यवृत्तीचा फॉर्म मंजुरीसाठी कॉलेजच्या लॉगिनला महिनोन्‌महिने पडून राहतो, त्याचं खापर कुणावर? तेही लिहा.