साधं की पॉवर? तुमच्या गाडीत काय जातं?

वळणवाट
काल साताऱ्याहून येताना पंपावरच्या पोराने विचारलं, "साहेब, पंच्याण्णव टाकू का? अ‍ॅव्हरेज वाढतं." मी काही बोलायच्या आत शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "का रे, त्र्याण्णव बंद झालं काय?" पोरगं बघतच राहिलं.

आमची प्रीमियर पद्मिनी होती तेव्हा पेट्रोलचे ८७ आणि ९३ ऑक्टेन असे दोन प्रकार असायचे. बाबांचा नियम ठरलेला. गावात फिरायला ८७, घाट चढायचा असेल आणि मिळालं तर ९३. तेव्हा खंबाटकीला बोगदा नव्हता. ८७ वर चढाला लागलो की इंजिन टकटकायचं आणि बाबा आम्हाला दटावायचे, "गप बसा रे, इंजिन ऐकू दे." आई मागच्या सीटवर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत असायची. रामरक्षा असावी. २००० च्या फेब्रुवारीत शिसं घातलेलं पेट्रोल देशभर बंद झालं, तेव्हाही शिशावाचून व्हॉल्व्ह झिजतील म्हणून बाबा कितीतरी दिवस काळजीत होते.

आता माझी गाडी साधी १२०० सीसीची हॅचबॅक. पुस्तकात कमीत कमी ९१ ऑक्टेन लिहिलंय. मी साधंच घालतो आणि माझ्या मते अशा गाडीला महागडं पेट्रोल म्हणजे पैशाचा धूर. पण ऑफिसात निम्मे लोक एक्सपी ९५, पॉवर, स्पीड यांपैकी काहीतरी भरतात आणि शपथेवर सांगतात की फरक पडतो. तुमचे अनुभव लिहा. गाडी कुठली, काय घालता, काय बदललं. "फील येतो" याच्यापुढे काही सांगता आलं तर फार बरं.

कार्बोरेटर काका
बाबांना नमस्कार सांगा. इंजिन ऐकणारी माणसं आता राहिली नाहीत.
थोडक्यात सांगतो, गिऱ्हाईक उभं आहे. पिस्टन पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो. स्पार्कची ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटलं की टकटक येते. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल हा दाब किती सोसतं त्याचा आकडा. आकडा वाढला म्हणून ताकद वाढत नाही. पद्मिनीत आम्ही डिस्ट्रीब्युटर जरासा फिरवून स्पार्कचं टायमिंग मागे घ्यायचो. टकटक थांबायची, गाडीही थोडी मेल्यासारखी व्हायची. हेच काम आता टकटक ओळखणारा नॉक सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, चालत्या गाडीत करतात. ९१ वर नीट चालणाऱ्या गाडीत ९५ घातलं तर सुधारायला काही उरलेलंच नसतं. टर्बो असेल, कॉम्प्रेशन चढं असेल, पुस्तकात ९५ लिहिलं असेल तर जरूर घाला.

मृण्मयी_क
मी नवऱ्याची गंमत केलीय. गाडी त्याची पण पेट्रोल भरायचं काम माझं. त्याचा हट्ट पॉवरचाच. मी बरेच महिने साधंच भरत होते. एका रविवारी मुळशीला जाताना म्हणतो कसा, "बघ, पॉवरवर कशी पळते!" मी खिडकीबाहेर बघत बसले.

चिंटू_चक्रम
मृण्मयीताई 😂😂 आणि वरचे पैसे कुठे गेले ते पण सांगा

मृण्मयी_क
पैठणीची भिशी.

पाटलाचा ऊस
आता माझं ऐका. साध्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्के इथेनॉल असतंय, म्हणजे आमचाच ऊस की वो. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या वर. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं जो खुलासा काढला त्यात स्वच्छ लिहिलंय, साधं आधी ८८ होतं, मग ९१ झालं, आणि ई२० मुळं, म्हणजे ह्या २० टक्के इथेनॉलमुळं, आता ९५. मग पंच्याण्णवाचे वरचे सात-आठ रुपये कशाचे घेताय? इंजिन साफ ठेवायच्या औषधाचे म्हणा, ऑक्टेनचं नाव नको.

वळणवाट
हे माहीत नव्हतं पाटील. ऑफिसात छापून लावतो.

तात्या_कागलकर
पाटील बिल जमा झालं का पण? आमच्या कारखान्याचं अजून न्हाई

पाटलाचा ऊस
पहिला हप्ता आला. दुसऱ्याचं नाव काढू नका, जेवण गोड लागायचं न्हाई.

परभणीचा पांडू
आमच्याकडं हा प्रश्नच नाही. टँकर मनमाडहून येतो, भाडं आम्ही भरतो, त्यामुळं परभणीत साधं पेट्रोलच पॉवरच्या भावात. प्रीमियमचा अनुभव रोज घेतो, फक्त ऑक्टेन मिळत नाही.

सीमेवरचा
म्हणून आम्ही बांद्याची माणसं पत्रादेवी ओलांडून गोव्यात टाकी फुल्ल करून येतो. तिथे कर कमी. जाताना काजू, येताना पेट्रोल. काजूचं काय ते विचारू नका.

सरिता_नाशिक
माझी अ‍ॅक्टिवा. घराजवळच्या पंपावर संध्याकाळी हमखास "साधं संपलंय मॅडम, फक्त पॉवर आहे". मागची रिक्षा मात्र साधं भरून जाते! एकदा मी तिथेच उभी राहिले, म्हटलं दाखवा कसं संपलंय. लगेच आलं. शाळेतल्या बायकांनाही हाच अनुभव. बाईमाणूस दिसलं की पॉवर.

नोझलवाला
ताई खरं आहे. कॉलेजात असताना पंपावर काम केलंय. आमचे मालक रोज विचारायचे आज पॉवर किती गेलं. "साधं की पॉवर" विचारायचं नाही, "पॉवर टाकू ना?" विचारायचं, असं शिकवलेलं. घाईतला माणूस "हां" म्हणतो. तुम्ही उतरता उतरता "साधं, झिरो बघते" एवढं ठणकावून म्हणा, पुढचं कोणी विचारणार नाही.

घाटमाथा
माझा अनुभव उलटा, पण गाडी एक लिटर टर्बो. मे महिन्यात पाच माणसं, सामान, एसी चालू, कुंभार्ली चढताना साध्यावर गाडी दम तोडते. ९५ वर तोच घाट मोकळेपणी चढते. चिपळूण-कराड नेहमीचा रस्ता असल्याने हे मनाचे खेळ नाहीत. ही ई२० सगळीकडे यायच्या आधीची गोष्ट, आता पाटील म्हणतात तसं असेल तर फरक कमी झाला असेल.
मात्र पैशाचा हिशेब केला तर तोटाच. १०४ चं पेट्रोल १११ ला घेतलं म्हणजे जवळपास ७ टक्के जास्त. अ‍ॅव्हरेज १५ असेल तर १६ च्या वर जायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी. टाकी ते टाकी मोजलं, अर्धा किलोमीटरही धड वाढलं नाही. घाटासाठी घालतो, एरवी साधं.

कार्बोरेटर काका
घाटमाथा बरोबर. टर्बो, ऊन, ओझं आणि चढ एकत्र आले की ईसीयू टायमिंग मागे ओढतो, तो दम तिथे जातो.

जुनी_झेन
मला ऑक्टेनशी देणंघेणं नाही, इथेनॉल नको म्हणून ९५ घालते. गाडी २००६ ची. ई२० आल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलंय हे नक्की.

पाटलाचा ऊस
ताई, ९५ मध्ये पण इथेनॉल असतंयच. अ‍ॅव्हरेज पडतं हे मात्र मान्य. लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकींना ६-७ टक्के फटका धरलाय. ऊस माझा असला तरी खोटं कशाला बोलू.

जुनी_झेन
म्हणजे इतके दिवस... जाऊ दे. कुकर लावते, नंतर येते.

रसायनवाले सर
थोडा तास घेतो. आयसो-ऑक्टेनला १०० गुण, नॉर्मल हेप्टेनला शून्य. ९१ चं पेट्रोल म्हणजे ९१ भाग पहिलं आणि ९ भाग दुसरं अशा मिश्रणाइतकी टकटक करणारं. यात ऊर्जेचं मोजमाप कुठेच नाही, हे बारावीला दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी पोरं "ऑक्टेन म्हणजे पॉवर" लिहून येतात. पंपावरचे फलक माझ्यापेक्षा चांगले शिकवतात म्हणायचं. शिसं घालायची युक्ती १९२१ ची, थॉमस मिजलीची, तीही टकटक थांबवायलाच. ते विष जगभरच्या पंपांवरून हटायला २०२१ उजाडलं, शेवटचा देश अल्जीरिया. शंभर वर्षं!

चिंटू_चक्रम
सर हजेरी घ्या, मी उपस्थित

डॅलसची_काकू
आमच्याकडे पंपावर ८७, ८९, ९३ अशी बटणं. भारतातून नवीन आलेली मुलं ८७ बघून घाबरतात. मोजायची पद्धत वेगळी आहे, इथलं ८७ म्हणजे साधारण तिथलं ९१. कोलोराडोत डोंगरात गेलो तर ८५ सुद्धा मिळतं, उंचीवर हवा विरळ म्हणून टकटक कमी, असं माझा भाऊ सांगतो. मोटार मालकांच्या एएए या संस्थेने २०१६ मध्ये तपासणी केली होती. साध्यावर चालणाऱ्या गाड्यांना प्रीमियमने ना ताकद वाढली ना अ‍ॅव्हरेज, आणि अमेरिकेत लोक वर्षाला दोन अब्ज डॉलरहून जास्त असे उगाच घालवतात, असं त्यांनी काढलं. मी ८७ वालीच.
कोणाला इकडे चांगली हिंग मिळण्याचं ठिकाण माहीत आहे का?

दुबईचा_दिन्या
इकडे ९५ ला स्पेशल म्हणतात, ९८ ला सुपर. स्पेशलच घालतो. शेजारचा पठ्ठ्या भाड्याच्या गाडीत सुपर घालतो, त्याला कोण सांगणार.
काकू, हिंग घरून आणा. बॅगेत तीन पिशव्यांत गुंडाळा, तरी कपड्यांना वास येणारच.

गॅसवर_आहे
आम्ही सीएनजीवाले. आमचं ऑक्टेन १२० च्या वर. तरी कात्रजच्या चढाला स्कूटरवाले आजोबा हॉर्न देऊन पुढे जातात. वरून रांगेत पाऊण तास. ऑक्टेन-फॉक्टेन सगळं झूट.

डिझेल_दादा
डिझेलला ऑक्टेनऐवजी सीटेनचा आकडा असतो, तिथे उलटं, पटकन पेटायला पाहिजे. एवढंच सांगायचं होतं. चालू द्या.

रॉयल_रोहन
कोणी १०० वालं घातलंय का? एक्सपी १००, डिसेंबर २०२० ला आलं तेव्हा १६० रुपये लिटर होतं. मी बाइकमध्ये हौस म्हणून भरलं. आवाज मऊ वाटला. वाटला म्हणतोय, वळणवाट काका, मारू नका.

कार्बोरेटर काका
रोहन, ते महागड्या सुपरबाइक आणि जास्त कॉम्प्रेशनच्या गाड्यांसाठी. तुझ्या बाइकच्या झाकणाखाली काय लिहिलंय?

रॉयल_रोहन
९१ 🙈

कार्बोरेटर काका
मग त्या पैशांत ऑइल बदल आणि एअर फिल्टर बघ.
जुन्या इंजिनात कार्बन साचून टकटक येत असेल तर ९५ ने शांत होते, हे मी पाहिलंय. पण तो आजार झाकणं झालं, आधी इंजिनाचं डोकं उघडून साफ करून घ्या.

सरिता_नाशिक
काका, अर्धी टाकी साधं आणि वर पॉवर पडलं तर काही बिघडतं का? माझं नेहमी तसंच होतं.

कार्बोरेटर काका
काही नाही बिघडत ताई. मधला आकडा होतो. आणि अ‍ॅव्हरेजच हवं असेल तर टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी बघा. पेट्रोल बदलून मिळणार नाही एवढं त्यात मिळतं, आणि बऱ्याच पंपांवर फुकट.

परभणीचा पांडू
हवा फुकट आहे काका, हवावाला कुठे आहे? आमच्या पंपावर तो सकाळी अकराला जेवायला गेला की दिवेलागणीलाच येतो.

नोझलवाला
पांडू, तुमच्याकडे पण? आम्हाला वाटायचं आमचाच जेवायला जातो.