जिप्सीचं कॅम टायमिंग बसत नाहीये, रविवारच्या आत मदत हवी

जिप्सीवाला_भुसावळ
मंडळी, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला, मार्कला मार्क लावून बेल्ट टाकला, तरी गाडी खाली अजिबात ओढत नाही. चार हजार आरपीएमच्या पुढे मात्र सुसाट. मध्येच एअर फिल्टरमधून फाट फाट आवाज. पुली अ‍ॅडजस्टेबल आहे. किती अंश पुढे घेऊ? फक्त आकडा सांगा. रविवारी तोरणमाळ ठरलंय, चौघांनी सुट्टी टाकलीय.

सातपुडा_४बाय४
कुठली जिप्सी? ९७० की १३००? कार्बोरेटर की एमपीएफआय? कॅम कुठला?

जिप्सीवाला_भुसावळ
१३००च हो, कार्बोरेटर. कॅम मित्राने इंदूरहून आणला, जुनाच ग्राइंड केलेला. सोबत कागद-बिगद काही नाही. आकडा?

टर्बो_चोपडा
चार अंश अ‍ॅडव्हान्स कर, डोळे मिटून. माझ्या एस्टीमला तेच केलं होतं, लळिंग घाट तिसऱ्या गिअरमध्ये.

बोलेरोवाला
भाऊ, चांगली गाडी व्हती, कसाले खोली? मनी बोलेरो दख, दहा वरीस व्हयनात, हेडले पाना लागना नही.

लेथकाका_धुळे
टर्बोभाऊ, डोळे मिटून करायचं काम नाही हे. तुमचा कॅम वेगळा, याचा वेगळा. कॅम पुढे घेतला की खालची ओढ वाढते, मागे राहिला की वरची, एवढं तुमचं बरोबर. पण आत्ता तो कुठे उभा आहे हेच माहीत नसताना चार अंश कशाच्या पुढे?
जिप्सीवाले, हेड प्लेन केलंय का? आणि टॉप, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचतो ती जागा, कशी काढली?

जिप्सीवाला_भुसावळ
हो, हेड अर्धा मिलिमीटर घासलंय, त्याचा काय संबंध? टॉप नेहमीसारखाच, प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर टाकून.

लेथकाका_धुळे
संबंध असा, की हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) जवळ येतो आणि बेल्टच्या ताणाच्या बाजूने कॅम मागे पडतो. अर्ध्या मिलिमीटरला क्रँकचा साधारण एक अंश. त्याने एवढी गाडी मरत नाही, पण हिशेबात धरा.
स्क्रूड्रायव्हरचं सोडा. पिस्टन अगदी वर असताना क्रँक कितीतरी अंश फिरतो आणि पिस्टन जागचा हलल्यासारखा वाटतच नाही. जुन्या प्लगमधलं चिनीमातीचं काढून त्यात बोल्ट बसवा, पिस्टनला अडेल इतका. चारही प्लग काढून हाताने हळू फिरवा, अडला की अंशांच्या चकतीवर आकडा लिहा. उलटं फिरवा, परत अडला की दुसरा. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा टॉप.

कायदेशीर_जळगाव
आरटीओची परवानगी घेतली आहे का? मोटार वाहन कायदा, कलम ५२.

सातपुडा_४बाय४
कॅमने आरसी बुकावरचं काय बदललं? सीसी तेच, चेसिस तेच. टायमिंगचा प्रश्न आहे इथे.

कायदेशीर_जळगाव
आज कॅम, उद्या इंजिन. माहितीसाठी सांगितलं.

जिप्सीवाला_भुसावळ
काका, बोल्टवाला प्लग केला. एकीकडे ६२, दुसरीकडे ४६. म्हणजे?

लेथकाका_धुळे
म्हणजे तुमचा टॉप ८ अंश चुकलेला होता. काटा वाकवून दोन्हीकडे ५४ येऊ द्या. मग इनटेकच्या रॉकरखाली, व्हॉल्व्हच्या टोपीवर डायल गेज लावा. पूर्ण उचललेल्या जागी शून्य करा. तिथे पोचायला १.२५ मिलिमीटर बाकी असताना किती अंश आणि पुढे १.२५ उतरल्यावर किती अंश, दोन्हींची बेरीज, भागिले दोन, म्हणजे टॉपनंतर किती अंशांवर व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो ते. आकडा जितका मोठा तितका कॅम मागे.
त्याआधी टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) सेट करा. रिग्राइंड कॅमची पाठ बारीक झालेली असते, जुनं सेटिंग चालत नाही.

टर्बो_चोपडा
एवढं कोणी करत नाही. एक दात पुढे टाक, संपला विषय.

लेथकाका_धुळे
पुलीला ४० दात धरले तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला तर विषय खरंच संपेल.

सातपुडा_४बाय४
यावरून आठवलं, पिस्टनवर माती ठेवून गॅप बघ. पोळ्याचे बैल करतो ती माती नको, वाळून फुटते. पोराची खेळायची रंगीत माती घे, व्हॉल्व्हला तेल लाव, दोन फेरे फिरवून ब्लेडने काप. हेड घासलंय म्हणजे गॅप आधीच कमी झालाय.

खवय्या_यावल
तोरणमाळला चोपडा, शिरपूर, शहादा असेच जाताय ना? शहाद्यात जेवून घ्या, वर काही मिळेल या भरवशावर राहू नका. शेवभाजीला तिखट कमी सांगायचं, हा माझा अनुभव.

जिप्सीवाला_भुसावळ
काका, आले ७४ आणि १५०. म्हणजे ११२. खात्रीसाठी परत केलं तर ७९ आणि १५५, म्हणजे ११७! डायल गेज खराब आहे का? बारा वाजलेत, शेडचे पत्रे तापलेत, पाना हातात धरवत नाही. पाच अंश पुढे घेऊन टाकू का?

टर्बो_चोपडा
मी चार म्हणालो होतो. 🙂

लेथकाका_धुळे
थांबा. मध्ये चाक उलटं फिरवलं होतं का? मोजताना नेहमी इंजिन फिरतं त्याच दिशेने यायचं, नाहीतर बेल्टची ढील आकड्यात येते.

जिप्सीवाला_भुसावळ
उलटं नाही. पहिल्या मापानंतर स्टार्टर एकदा मारला, बस.

लेथकाका_धुळे
तरी आकडे सरकले, तेही दोन्ही बरोबर पाच-पाचने. गेज खराब असता तर असे जोडीने सरकले नसते. कॅम पुलीचे बोल्ट घट्ट असतील तर क्रँकची पुली काढा आणि आतल्या दात्याला (बेल्ट फिरवणाऱ्या दातेरी चाकाला) क्रँकवर अडवून ठेवणाऱ्या चावीला हात लावून बघा.

जिप्सीवाला_भुसावळ
काढली. दात्या हाताने डुलतोय. चावी एका बाजूने खाल्लेली, खोबणीत नख जातं.
अरे हो, मागच्या वर्षी क्रँकचा बोल्ट सैल झाला होता. तेव्हा मिस्त्रीने काहीतरी चिकटवून घट्ट केला होता. त्याचा यात काही संबंध?

लेथकाका_धुळे
हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं ना बाबा! कॅम पुली कितीही फिरवा, खालचा दात्याच हलतोय तर टायमिंग थांबणार कुठे? नवी चावी टाकून बघा. ती घट्ट बसली तर नशीब. खोबण रुंद झाली असेल तर क्रँक खाली, आणि मग दुरुस्ती की दुसरा क्रँक ते बघून ठरेल. त्यानंतर परत पहिल्यापासून टॉप, परत डायल. कॅम जिथे ठरेल तिथे पुली घट्ट करून टायमिंग लाइटने डिस्ट्रिब्युटर लावा. तो याच कॅमवर फिरतो, कॅम हलला की स्पार्कही हलतो. फिल्टरमधला फाट फाट त्याचाच असू शकतो.

सातपुडा_४बाय४
आणि तो बोल्ट टॉर्क पान्याने आवळा. पाइप घालून नव्हे.

जिप्सीवाला_भुसावळ
नवी चावीसुद्धा डुलतेय.
बोलेरोवाले दादा, रविवारी गाडी रिकामी आहे का?

बोलेरोवाला
चार जन बसतस. डिझेल तुनं.