चिऊसाठी कुत्रा: घरच्या ग्रुपवरील चर्चा

वहिनी: सर्वांना नमस्कार. चिऊ गेले वर्षभर कुत्र्यासाठी हट्ट धरून बसली आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. अडचण तिच्या नाकाची आहे. कुत्रा असलेल्या घरात तासभर बसली की तिला एकामागून एक शिंका सुरू होतात, डोळे चोळून चोळून लाल होतात आणि कधी कधी रात्री खोकल्याची उबळ येते. काही जातींच्या कुत्र्यांपासून अ‍ॅलर्जी होत नाही, असे मी बऱ्याच जणांकडून ऐकले आहे. पिल्लू आणायचे आम्ही जवळजवळ नक्की केले आहे, आता फक्त जात ठरवायची आहे. कोणाला अनुभव असल्यास कृपया सांगावे.

काका: यात अवघड असे काहीच नाही. पूडल, बिशॉन फ्रिझे, माल्टीज, श्नाउझर, पोर्तुगीज वॉटर डॉग, केरी ब्लू टेरियर, यांपैकी कोणताही आणावा. यांचे केस गळत नाहीत, म्हणजे अ‍ॅलर्जीचा प्रश्नच उरत नाही. बराक ओबामांच्या थोरल्या मुलीला अ‍ॅलर्जी होती, म्हणून २००९ साली त्यांनी बो नावाचा पोर्तुगीज वॉटर डॉग व्हाइट हाउसमध्ये आणला आणि २०१३ साली त्याच जातीची सनी आणली. पहिल्याचा त्रास झाला असता, तर दुसरी आणली असती का?

ताई: बाबा, बोचा त्या मुलीला त्रास झाला नसेल, तर त्यावरून बोबद्दल काहीतरी कळते, त्याच्या जातीबद्दल फारसे काही कळत नाही. दिवसभर कुत्र्यांचीच तपासणी करत असल्यामुळे हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अ‍ॅलर्जी केसांची नसते. ती कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत असलेल्या काही प्रथिनांची असते, आणि त्यांतले सर्वांत महत्त्वाचे प्रथिन ‘कॅन एफ १’ या नावाने ओळखले जाते. कुत्रा स्वतःला चाटतो, ती लाळ केसांवर आणि कातडीवर वाळते, वाळलेल्या लाळेचे आणि कोंड्याचे कण सुटतात, आणि त्यांतले काही इतके बारीक असतात की कुत्रा खोलीतून निघून गेल्यानंतरही बराच वेळ हवेत तरंगत राहतात. केस हे या सगळ्याचे केवळ वाहन आहे. ज्या कुत्र्याचे केस गळत नाहीत त्याला जीभ आणि कातडी असतेच, आणि त्रास तिथूनच सुरू होतो.

दादा: मग केस न गळणाऱ्या कुत्र्याचा काहीच फायदा नाही का? निदान घरात कमी पसरेल, असे वाटते.

ताई: वाटते खरे, दादा, आणि अगदी भाबडी समजूतही नाही ती. पण मोजून पाहणाऱ्यांना वेगळेच आढळले. अमेरिकेत डेट्रॉइटच्या संशोधकांनी एकेकच कुत्रा असलेल्या १७३ घरांतली धूळ तपासली आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, की तथाकथित अ‍ॅलर्जीमुक्त जातींच्या घरांतले ‘कॅन एफ १’ इतर घरांपेक्षा कमी नव्हते. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील अभ्यासात कुत्र्यांच्या अंगावरचे केसच तपासले गेले, तेव्हा पूडल आणि लॅब्राडूडल यांच्यासारख्या ‘सुरक्षित’ समजल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत हे प्रथिन इतरांपेक्षा जास्तच निघाले. घरांतल्या हवेत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. लॅब्राडूडलच्या घरातील जमिनीवरच्या धुळीत ते थोडे कमी होते, एवढाच काय तो बाबांच्या बाजूचा पुरावा.

काका: माझ्या बाजूचा पुरावा निघाला, हे मी जपून ठेवतो. परंतु कुरळे केस आणि सरळ केस यांत काहीतरी फरक असलाच पाहिजे.

ताई: फरक आहे, पण तो केसांपुरताच. कुत्र्याच्या अंगावरचे केस लांब की आखूड, कुरळे की सरळ, चेहऱ्यावर दाढी-मिशा आहेत की नाहीत, हे बऱ्याच अंशी तीन जनुके ठरवतात, असे २००९ साली स्पष्ट झाले. लाळेत कोणते प्रथिन किती उतरावे, याच्याशी त्या दाढी-मिशांना काही देणे-घेणे नाही. शिवाय एकाच जातीच्या दोन कुत्र्यांत ‘कॅन एफ १’च्या प्रमाणाचा फरक इतका मोठा असतो, की दोन जातींची सरासरी त्यापुढे निरर्थक ठरते.

मी: लॅब्राडूडलचा विषय निघालाच आहे, तर त्या जातीच्या जन्माची हकीकत सांगण्यासारखी आहे. वॉली कॉनरन हे ऑस्ट्रेलियात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत काम करत होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हवाईमधील एका अंध बाईंनी त्यांच्याकडे कुत्रा मागितला, परंतु बाईंच्या यजमानांना कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. कॉनरन यांनी आधी पूडलांनाच हे काम शिकवून पाहिले. ते जमेना, तेव्हा त्यांनी लॅब्राडोर आणि स्टँडर्ड पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली गेली आणि यजमानांना त्यांतल्या एकाच पिल्लाचा त्रास झाला नाही. एकच आईबाप, एकच वेत, आणि तरीही तिघांतले दोघे नापास! उरलेल्या दोघांना सांभाळायला कोणी पुढे येत नव्हते, कारण संकरित पिल्लू कोणाला नको होते. ‘लॅब्राडूडल’ हे नाव देऊन वर्तमानपत्रांपर्यंत बातमी पोहोचवल्यावर मात्र फोन सुरू झाले. या नावाच्या आधारे पुढे जो बेसुमार व्यापार झाला, त्याबद्दल कॉनरन यांनी नंतर जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला.

वहिनी: म्हणजे जातीवरून निवड करण्यात अर्थ नाही, असेच तुम्हा दोघांचे म्हणणे दिसते. मग बिनकेसांचे कुत्रे असतात, त्यांचे काय?

ताई: मेक्सिकोचा शोलोइत्झक्विन्त्ली किंवा चायनीज क्रेस्टेड म्हणायचे असेल, तर त्यांनाही लाळ असते आणि त्यांच्याही कातडीचा कोंडा निघतो. वर त्यांना उन्हापासून जपावे लागते, ते वेगळेच.

आत्या: दोन दिवस मी हे सगळे वाचते आहे. लिहू की नको, असे चालले होते, कारण ती गोष्ट आठवली की अजून वाईट वाटते. चार वर्षांपूर्वी मी पूडल आणला होता, हे दादाला आठवत असेल. ज्याच्याकडून आणला त्याने छातीवर हात ठेवून सांगितले होते, की या जातीची अ‍ॅलर्जी होणे शक्यच नाही, हवे तर लिहून देतो. पहिले दोन महिने काहीही झाले नाही. मी काळी साडी नेसून मुद्दाम सोफ्यावर बसत असे आणि उठल्यावर पदर झटकून सर्वांना दाखवत असे, की पाहा, एक केस नाही! तिसऱ्या महिन्यात त्याने मनगटावर चाटले की दहा मिनिटांत तिथे लाल गांधी उठू लागल्या. मी ते डासांवर ढकलले. मग नाक चोंदू लागले, ते मी हवापालटावर ढकलले. शेवटी एका रात्री छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागला आणि पहाटेपर्यंत मी पलंगावर उशीला टेकून बसून होते. त्या वेळीही काळ्या साडीवर एक केस नव्हता.

आठ महिन्यांचा झाल्यावर त्याला दुसऱ्या घरी द्यावे लागले. घर चांगले मिळाले, ती माणसे अजून फोटो पाठवतात. पण त्याला सोडून निघताना तो दाराच्या फटीत नाक खुपसून बसला होता, आणि ते पाहून ज्याने लिहून देतो म्हटले होते त्याच्यापेक्षा मला माझाच राग आला. मी जात पाहिली, जाहिरात पाहिली, आणि त्याच्याबरोबर दोन तास बसून पाहण्याची तसदी मात्र घेतली नाही.

दादा: आत्या, यातले निम्मे तू आम्हाला कधी सांगितलेच नव्हतेस. एक विचारतो. सहवासाने शरीराला सवय होते, असेही म्हणतात. ते खरे आहे का?

ताई: काहींचा त्रास कमी होतो, काहींचा आत्यासारखा वाढतो, आणि चिऊ कोणत्या गटात बसेल हे आधी कोणालाच सांगता येणार नाही. त्या भरवशावर जिवंत प्राणी घरात आणू नये. आता वहिनी, तुमच्या पहिल्या संदेशातल्या ज्या वाक्यावर कोणीच थांबले नाही, त्यावर मी थांबते. शिंका आणि लाल डोळे एकवेळ बाजूला ठेवू, पण रात्रीची खोकल्याची उबळ दम्याची खूण असू शकते. त्यामुळे कुत्र्याचा विषय पुढे नेण्याआधी तिला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना दाखवावे. कातडीवर थेंब टाकून सुईने टोचून करतात ती तपासणी असते किंवा रक्ताची असते. टोचून करायची असल्यास शिंकांच्या गोळ्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच कराव्या. तिला मुळात कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे की धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची, की कुत्रा बाहेरून अंगावर घेऊन येतो त्या परागकणांची, हेही त्यातून कळेल.

रक्ताच्या तपासणीत कुत्र्याचे नेमके कोणते प्रथिन बाधते, तेही पाहता येते. हे विचारून घ्यावे, कारण ‘कॅन एफ ५’ नावाचे प्रथिन फक्त नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते आणि लघवीतून बाहेर पडते. ज्या माणसाला एवढ्या एकाचीच अ‍ॅलर्जी असते, त्याला मादी सहन होण्याची चांगली शक्यता असते. मला विचाराल, तर पूडल की लॅब्राडोर यापेक्षा नर की मादी हा प्रश्न अधिक कामाचा आहे, आणि तो क्वचितच कोणी विचारतो.

काका: हे मात्र मला ठाऊक नव्हते. बरे, आंघोळीचे काय? दर महिन्याला स्वच्छ आंघोळ घातली तर पुरे होईल ना?

ताई: महिन्याने नाही, बाबा, आठवड्यातून दोनदा. आंघोळीने अंगावरचे प्रथिन खूप कमी होते, पण दोन-तीन दिवसांत ते पूर्ववत होते, कारण जीभ सुट्टी घेत नाही. तीही चिऊने घालायची नाही, आणि विंचरायचे ते बाहेर, तिच्यापासून लांब. पूडलसारख्या जातींचे केस गळत नसले तरी वाढतच राहतात आणि दर चार ते सहा आठवड्यांनी कापून घ्यावे लागतात, नाहीतर त्यांच्या गाठी होऊन कातडी ओढली जाते. हा खर्च ‘न गळणाऱ्या केसां’च्या कौतुकात कोणी सांगत नाही.

मी: झोपण्याच्या खोलीत कुत्र्याला अजिबात प्रवेश नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. एकदा गादीवर चढू दिले की पुढे तो नियम कुत्रा ठरवतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. त्या खोलीत हेपा फिल्टरचे यंत्र लावता येईल. ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणे, ही या फिल्टरची कसोटी असते. मात्र जे कण गालिच्यात आणि पडद्यात जाऊन बसले आहेत, ते यंत्रापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे गालिचा आधी काढावा आणि मग यंत्राचा विचार करावा.

वहिनी: मी पिल्लाची आगाऊ रक्कम आज देणार होते, ती थांबवली आहे. डॉक्टरांची वेळ घेते. परंतु तपासणीत अ‍ॅलर्जी सौम्य निघाली, तर पुढे निवड कशी करायची?

मी: पिल्लू न आणता दत्तक देण्यासाठी असलेला मोठा कुत्रा पाहावा, असे मी सुचवेन. मोठ्या कुत्र्याची लाळ, कोंडा, चाटण्याची खोड, सगळे जसे आहे तसे समोर असते. त्याच कुत्र्याला चिऊने तीन-चार आठवडे पुन्हा पुन्हा भेटावे. बागेतली भेट धरू नये, कारण मोकळ्या हवेत सगळेच कुत्रे सुरक्षित वाटतात. बंद खोलीत बसावे, त्याला हात चाटू द्यावा, आणि त्या संध्याकाळी व रात्री काय होते ते लिहून ठेवावे. डॉक्टरांनी मुभा दिली, तर सुरुवात माझ्या घरापासून करता येईल. आमच्या मोतीची जात कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे ती कोणत्याच यादीत नाही.

आत्या: येताना चिऊचे जादा कपडे आणावेत, आणि घरी परतल्यावर अंगावरचे कपडे दाराशीच बदलून लगेच धुवायला टाकावेत. हे कण कपड्यांवरून घरी येतात. नाहीतर रात्रीचा खोकला मोतीमुळे आला की फ्रॉकमुळे, हे कळणार नाही.

वहिनी: तपासणी होऊन दोन आठवडे झाले, म्हणून कळवते. कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे, दमा नाही. धुळीतल्या किड्यांची अ‍ॅलर्जी मात्र त्याहून अधिक निघाली, त्यामुळे आमचा गालिचा कुत्रा येण्याच्या आधीच गेला. ‘कॅन एफ १’ सौम्य आहे, ‘कॅन एफ ५’ नाही, म्हणजे नर-मादीचा आधार आम्हाला मिळाला नाही. घरात औषध जवळ ठेवून भेटी घेऊन पाहाव्यात, असे डॉक्टर म्हणाले. काल मोतीबरोबर बंद खोलीत पन्नास मिनिटे झाली. शिंका तीन, डोळे ठीक, चाटलेल्या जागी थोडी खाज, रात्री खोकला नाही. चिऊने वहीत चौथ्या रकान्यात ‘मोती घोरते’ अशीही नोंद केली आहे.

ताई: खाज किती वेळ टिकली, तेही पुढच्या वेळी लिहायला सांगा, आणि चाटलेली जागा लगेच साबणाने धुवा.

काका: पुढच्या शनिवारच्या भेटीला मीही येतो. वही मी धरीन.