खाडीकाठचं घर, चंद्रपूरचं झाड

सुपारीची_बाग

काल इथे खाडीकाठच्या घरांवर एक लेख आला. मागणी अशी, की सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकाम-निर्बंधाच्या पट्ट्यात, अडकलेल्या घरमालकांना एकदाच संधी द्या, व्यापलेल्या जागेच्या हिशोबाने हरित क्रेडिटं (झाडं लावल्याबद्दल केंद्राच्या योजनेत मिळणारे गुण) विकत घेऊ द्या आणि घरं नियमित करून टाका. शेवटचं वाक्य, "सरकारला पैसा, निसर्गाला झाडं, माणसाला घर." खाली वा वा करणाऱ्यांची रांग. रात्री दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा पुसलं. आता सकाळी लिहितेय. राग दिसला तर दिसू दे.

माझं माहेर खाडीला लागून. मागच्या अंगाला पोफळी, मग केवड्याचं बन, मग तिवरं (खाऱ्या पाण्यात वाढणारी कांदळवनाची झाडं), मग चिखल आणि पाणी. काही वर्षांपूर्वी शेजारचा तुकडा विकला गेला. नव्या मालकांनी आधी केवडा काढला, मग तिवरं, मग भराव टाकून खाडीच्या तोंडावर जांभ्याची सहा फुटी भिंत घातली. पहिल्याच आषाढात अमावास्येच्या उधाणाला पाणी त्या भिंतीवर आपटलं आणि वळून आमच्या वाडीत शिरलं. पाणी पूर्वीही यायचं, पण तिवरांतून दमून यायचं आणि तासाभरात ओसरायचं. आता भिंतीच्या टोकाशी भोवरा होतो आणि आमचा काठ दरवर्षी हातभर आत येतो. विहीर वैशाखात मचूळ व्हायची, आता माघातच होते. सत्तावीस पोफळी गेल्या. झावळ्यांची टोकं करपली, मग शेंडे वाकले. आई रोज सकाळी चूळ भरून पाणी पारखते आणि मगच चहाचं आधण ठेवते.

कोणी चंद्रपुरात हजार झाडं लावून क्रेडिट आणलं, तर त्या विहिरीचं पाणी गोडं होणार आहे का?

हरित क्रेडिटच्या फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत पडीक वनजमिनीवर लागवड करायची, हेक्टरी निदान ११०० झाडं, आणि एका झाडाला एक क्रेडिट असा हिशोब होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तो बदलून पाच वर्षं टिकलेली झाडं आणि निदान ४० टक्के छत्र अशी अट आली. सुधारणा चांगली आहे. पण यात खाडीचा काठ कुठे आहे? सीआरझेडच्या नियमात हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा बफर मोकळा ठेवायला सांगितलाय, तो पाण्याला दमायला जागा मिळावी म्हणून. झाडं मोजून ती जागा भरून निघत नाही.

पेन्शनीतलं_घर

ताई, तुमच्या शेजाऱ्याने केलं ते वाईटच. पण म्हणून खाडीकाठचा प्रत्येक घरवाला चोर ठरतो का?

मी २०१४ साली पाच गुंठे घेतले. तालुक्याचं नाव घेत नाही. सातबारा कोरा, बिनशेतीचा आदेश हातात, ग्रामपंचायतीची परवानगी, विजेचं मीटर, वर्षानुवर्षं भरलेली घरपट्टी. बँकेतल्या ३१ वर्षांच्या नोकरीचा फंड त्या घरात आहे. गेल्या श्रावणात नोटीस आली. मोजणीला आलेल्या मुलाने भरतीरेषा धरून टेप लावली आणि आमच्या ओट्याच्या फरशीवर पेन्सिलीने खूण केली. खुणेच्या अलीकडचं घर चालतं, पलीकडचं नाही. स्वयंपाकघर पलीकडे आहे. बायको ती खूण रोज ओल्या फडक्याने पुसते, पण फरशी खरबरीत आहे, खूण जात नाही.

आणि रेघ कशावरून आली? किनारा व्यवस्थापनाचा नकाशा १:२५,००० चा. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर साडेबारा मीटर. माझं अख्खं घर त्या रेघेच्या जाडीत बसतं. १:४००० चा गावनकाशा बघा म्हणून अर्ज दिलाय, उत्तर नाही.

दुसरं. सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेत सार्वजनिक रस्त्यासाठी कांदळवन गेलं तर तिप्पट लागवड दुसरीकडे करायची सोय आहे. बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने २० हजारांवर कांदळवृक्ष तोडायला परवानगी दिली, तीही भरपाईच्या लागवडीवर. सरकारला भरपाई चालते, मग मला का नाही? मी तिप्पट नाही, दहापट लावतो. जागा दाखवा.

उघाडी

दोघांचं वाचलं. दोघांकडे निदान घर आणि वाडी आहे. आमचं ऐका.

आमची खारपाटातली भातशेती. आजोबांच्या वेळेपासून बांध, त्यात पाणी सोडायची झडप म्हणजे उघाडी, आत गोडं पाणी, बाहेर खारं. सारखं उधाण येऊन बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं. अर्ज केले. "निधी नाही." पुढच्या वर्षी खांड मोठी झाली. तिसऱ्या वर्षी शेतात तिवराची रोपं दिसली, गुडघ्याएवढी. सहाव्या वर्षी डोक्याच्या वर. आता तो आमच्या सातबाऱ्यावरचा भात नाही, ते कांदळवन आहे. उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवन ते वनच. खांड बुजवायची तर परवानगी, तिवर काढायचं तर गुन्हा. भाताचा दाणा नाही, भरपाईचा पैसा नाही, उलट भोवती ५० मीटर आणखी गेले.

बफर तोडणाऱ्याला नोटीस येते. बफरनेच ज्याचं शेत गिळलं त्याला काय येतं?

सुपारीची_बाग

@पेन्शनीतलं_घर, नकाशाच्या रेघेबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. गावनकाशावर, जागेवर, संयुक्त मोजणी झालीच पाहिजे. त्यासाठी अर्जावर माझीही सही घ्या.

पण "सरकारला चालतं मग मला का नाही" हे नाही पटत. वर्सोवा–भाईंदर रस्त्यासाठी मुंबईतली कांदळवनं जाणार आणि भरपाईचं वनीकरण चंद्रपूर जिल्ह्यात होणार. भाईंदरच्या खाडीत पाणी चढलं तर चंद्रपूरचा साग काय करणार? हे चूक आहे म्हणूनच मी ओरडतेय. तीच चूक घरोघरी वाटून द्यायची का? आणि एकदा पैसे भरून घर नियमित होतं हे कळलं, की कोकणात पहिले कोण धावतील? तुम्ही नाही, काका. ज्यांना क्रेडिटची रक्कम हॉटेलच्या एका रात्रीएवढी वाटते ते. पूर्वी पर्यावरण कायद्याच्या कलम १५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद होती. १ एप्रिल २०२४ पासून ती गेली, आता दंड दहा हजार ते पंधरा लाख. दीड कोटीच्या बंगल्याला पंधरा लाख म्हणजे दहा टक्के जास्तीचा खर्च. त्यावर क्रेडिटचीही वाट काढून दिली तर काठ उरणारच नाही.

@उघाडी, तुमचं दुःख मोठं आहे, पण तो वेगळा विषय आहे.

उघाडी

वेगळा कसा? खारं पाणी तेच, कायदा तोच, ५० मीटर तेच. तुमची विहीर खारी झाली तो पर्यावरणाचा प्रश्न, आमचं चाळीस एकर खारं झालं तो "वेगळा विषय"?

कांदळमित्र

@उघाडी, मी खारपाटात बरीच वर्षं हिंडलोय. काही ठिकाणी बांध मुद्दाम दुरुस्त केले नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे. भातात परवडत नाही, जमीन कंपनीला द्यायची, भाव येईपर्यंत पडीक ठेवायची. मग तिवर उगवलं की बोंब. काही ठिकाणी तर बांध रात्रीत फोडलेले आहेत. कांदळवनाने तुमच्या गावाला उधाणापासून वाचवलं हेही सांगा की.

उघाडी

तुम्ही हिंडलात. आम्ही तिथे राहतो. बांध कोणी फोडला ते गावाला माहीत आहे. जमीन स्वस्तात हवी होती त्यांनी फोडला, शेतकऱ्याने नाही. माझ्या आज्याने चरीच्या संपात, खोतांविरुद्धच्या शेतकऱ्यांच्या संपात, सहा वर्षं, १९३३ ते १९३९, जमीन कसली नाही. उपाशी राहिला, लाकडं फोडून विकली, पण खोताला शरण गेला नाही. संपाचे पुढारी नारायण नागू पाटलांच्या सभेला तो चालत जायचा. त्या घरातल्या माणसाला तुम्ही सांगताय की आम्ही बांध फोडून पैशाची वाट बघतो?

पूर्वी खांड गेली की रात्री हाळी द्यायचे. घरटी एक माणूस, टोपली, फावडं. ओहोटी आहे तोवर चिखलाचे गोळे टाकून खांड बांधायची, सहा तासांत. माझे वडील कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलेले मी पाहिलेत, कंदिलाच्या उजेडात. आता त्याच कामाला तीन खात्यांची परवानगी लागते आणि तोवर भरती दहा वेळा येऊन जाते. आमच्या शेततळ्यात जिताडा मासा व्हायचा, तोही गेला.

कांदळमित्र

तुमच्या घराण्याबद्दल मी काही बोललो नाही. सरसकट बोललो ती चूक झाली, एवढं मान्य. बांध फोडण्याबद्दलचं माझं निरीक्षण मागे घेत नाही.

नदीकाठचा_पुणेकर

खाडीवाल्यांनो, आमच्या नदीकडेही बघा. १७ मे २०२५ ला चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले. हरित लवादाने आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने कायम केला, वर ५ कोटींची पर्यावरण भरपाई. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधायचंच नाही, हे मला मान्य. पण जेसीबी चालला तो राहणाऱ्याच्या भिंतीवर. प्लॉट पाडून विकणारा, दस्त नोंदवून घेणारा, नळजोड देणारा यांच्या घराची वीटही हलली नाही. कोचीजवळच्या मरडूमध्ये तरी जानेवारी २०२० ला चार गृहसंकुलं पाडण्याआधी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक फ्लॅटमालकाला २५ लाखांची अंतरिम भरपाई लावली होती. आपल्याकडे ते का नाही?

सुपारीची_बाग

हे शंभर टक्के. विकणाऱ्याकडून वसूल करा, मी तुमच्यासोबत. पण २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत रात्रीतून पाणी शिरलं तेव्हा माझी मावसबहीण सासूला पाठीवर घेऊन जिना चढली. काठावर माणसं राहू दिली त्याची किंमत अशी असते.

चेसापीकहून

मेरीलँडमधून लिहितोय. इथे चेसापीक खाडीकाठी १९८४ च्या कायद्यापासून शंभर फुटांचा पट्टा राखीव आहे. त्यात बेकायदा काही केलं तर जेवढं बिघडवलं त्याच्या चौपट लागवड करावी लागते. पण ती आधी तुमच्याच जागेत, त्याच पट्ट्यात. तिथे जागा नसेल तरच दुसरीकडे किंवा पैसे. आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाने पाणी दिसावं म्हणून काठावरची झाडं काढली. आता त्याच काठावर स्थानिक जातीची रोपं लावून जगवतायत, आणि जगली का ते बघायला माणूस येतो. म्हणजे भरपाईची कल्पनाच वाईट असं नाही, ती कुठे करायची हा प्रश्न आहे.

उघाडी

अमेरिकेत खांड गेली तर कोण बांधतं ते पण सांगा.

पेन्शनीतलं_घर

मेरीलँडवाल्यांचं वाचून रात्रभर विचार केला. सुपारीताई, तुमच्या विहिरीचंही डोक्यातून जात नाहीये. काल ओहोटीला घराच्या मागे उतरून बघितलं. माझीही भिंत आहे, सहा फुटी नाही, तीन फुटी. २०१७ साली कंत्राटदार म्हणाला धूप थांबेल, म्हणून घातली. तिच्या खालच्या टोकाला माती गेलेली दिसली. पलीकडे कोळ्यांची एक घरवस्ती आहे. त्यांच्या होड्या ओढायच्या जागेला आता पायरीएवढी कड झालीय. नऊ वर्षांत मी तिकडे वळून बघितलं नव्हतं. तिथल्या एका बाईंनी सांगितलं, "भाऊ, तुमची भिंत झाल्यापासून." आधी का नाही बोललात विचारलं तर म्हणाल्या, "तुमचं गेट बंद असतं."

भिंत काढतो. तिथे तिवर आणि चिप्पी ही कांदळझाडं लावतो, माझ्याच जागेत, माझ्याच खर्चाने. पण स्वयंपाकघर काढणार नाही. मोजणी होईपर्यंत लढणार, आणि मोजणी विरुद्ध गेली तरी ज्याने बिनशेतीचा आदेश दिला त्याला न्यायालयात उभं करणार. क्रेडिटचा मुद्दा मी सोडतो. तुमच्या म्हणण्यामुळे नाही, त्या बाईंमुळे.

सुपारीची_बाग

कशामुळे का असेना. भिंत एकदम पाडू नका, भराव सगळा एका भरतीत वाहून कोळ्यांच्या अंगावर जाईल. पावसाळा संपल्यावर, लहान भरती असताना, टप्प्याटप्प्याने काढा. आधी वनखात्याच्या कांदळवन कक्षाला लेखी कळवा, नाहीतर तोच नवा गुन्हा होईल. केवडा लावणार असाल तर आमच्या बनातले फुटवे घेऊन जा, चार-पाच गठुळी सहज निघतील.

उघाडी

आणि केवड्याची गाडी आमच्या गावावरून जाईल तेव्हा थांबा. परवा पौर्णिमा आहे. भरतीच्या वेळी या, खांड दाखवतो. सध्या अठ्ठावीस पावलं रुंद आहे.